कान, लघवीची गोळी आणि डोक्याचा मार: तालमीतला कुठला सल्ला घ्यायचा

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. वय १९, गाव सिन्नरकडचं, कॉलेजसाठी नाशिकला, सकाळी पंचवटीत तालीम आणि संध्याकाळी ज्युडो. डावा कान सुजला, सिनियर पोरानं सिरिंजनं रक्त काढलं, दोन दिवसांत परत भरलं, परत काढलं, परत भरलं. आठ दिवसांवर निवड चाचणी आहे, वजन ६३.५ आणि उतरायचंय ६१ ला, तर कोणीतरी लघवीची गोळी सांगितलीय, शिवाय चाचणीच्या दिवशी सकाळी अंग मोकळं व्हायला एक इंजेक्शन. आणि अगदी शेवटी तू लिहिलंयस की मागच्या मंगळवारी मॅटवर डोकं आपटलं, दोन-तीन मिनिटं काय चाललंय ते कळत नव्हतं, तोंडावर पाणी मारून उरलेली प्रॅक्टिस पूर्ण केली आणि आता फक्त लेक्चरला बसलं की डोकं जड होतं. एका डॉक्टरला कान दाखवला तर ते म्हणाले कुस्ती सोड. म्हणून विचारतोयस की ऐकायचं कोणाचं.

मी एमबीबीएस, नाशिकमध्येच जनरल प्रॅक्टिस करतो आणि बरीच वर्षं कुस्ती, ज्युडो, बॉक्सिंगच्या जिल्हा आणि विभाग पातळीच्या स्पर्धांना मॅटशेजारी बसतो. तुला तपासलेलं नाही, त्यामुळे खाली जे लिहितोय ते दिशा म्हणून घे, कानाचं नेमकं काय करायचं ते कान बघितल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. पण काही गोष्टी न बघताही ठामपणे सांगता येतात, त्या सांगतो.

पहिलं म्हणजे तू कान, गोळी आणि इंजेक्शन विचारलंस, पण मला त्या तिन्हीपेक्षा जास्त काळजी त्या शेवटच्या ओळीची वाटली. डोकं आपटल्यावर दोन-तीन मिनिटं काही कळत नव्हतं याला कन्कशन म्हणतात, मेंदूला बसलेला हादरा. त्यासाठी बेशुद्ध पडावं लागत नाही, बहुतेक पोरं बेशुद्ध पडतच नाहीत. गोंधळल्यासारखं होणं, तेच तेच परत विचारणं, तोल जाणं, नंतर डोकं जड होणं, उजेड किंवा मोबाइल सहन न होणं, लेक्चरमध्ये लक्ष न लागणं, झोप बिघडणं, उगाच चिडचिड होणं, ही सगळी त्याचीच लक्षणं. तुझं डोकं लेक्चरला बसल्यावरच का जड होतं, कारण लक्ष देऊन ऐकणं हे मेंदूला कष्टाचंच काम आहे आणि हादरा बसलेला मेंदू ते काम अजून नीट पेलत नाहीये. म्हणजे तू अजून बरा झालेला नाहीस. यात "फक्त" असं काही नाही.

लोक म्हणतात सीटी स्कॅन काढ, नॉर्मल आला की सुट्टी. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि फ्रॅक्चर शोधायला असतो, हादरा त्यात दिसत नाही, तो मेंदूच्या कामकाजातला बिघाड असतो. त्यामुळे सीटी नॉर्मल आला म्हणून मॅटवर उतरायची परवानगी मिळाली असं होत नाही. उलट सीटी तातडीनं कधी करायचा तेही सांगून ठेवतो: डोकेदुखी वाढत चालली, परत परत उलटी झाली, झटका आला, पोरगं गुंगीत जायला लागलं किंवा उठवलं तरी नीट उठेना, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसायला लागली, हातापायात जोर कमी वाटला, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही आलं, की त्या मिनिटाला कॅज्युअल्टी, सकाळपर्यंत वाट बघायची नाही. हे तुझ्या रूममेटलाही सांगून ठेव, कारण गुंगीत जाणाऱ्याला स्वतःला कळत नाही की आपण गुंगीत जातोय.

परत कुस्तीला कधी उतरायचं याची पद्धत ठरलेली आहे, २०२२ साली अ‍ॅमस्टरडॅमला या विषयावरची जी आंतरराष्ट्रीय परिषद झाली तिच्यातही तीच पायरी-पायरीची पद्धत पक्की केली. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, म्हणजे अंधाऱ्या खोलीत पडून राहणं नाही, घरातलं हलकंफुलकं चालतं, मोबाइल मात्र कमी. मग चालणं किंवा हलकी सायकल. मग जरा दम लागेल असं धावणं. मग एकट्यानं करायचे डाव, पायांची हालचाल, जोडीदाराशिवाय उचिकोमी (ज्युडोतली डावात शिरायची परत परत उजळणी). मग, लक्षणं पूर्ण गेल्यावरच, जोर-बैठका, दोर आणि जोडीदाराबरोबर पण एकमेकांना न आपटता ड्रिल. त्यानंतर डॉक्टरनं तपासून हो म्हटलं तर पकड, लढत, आणि शेवटी स्पर्धा. प्रत्येक पायरीला कमीत कमी २४ तास, आणि सुरुवातीच्या पायऱ्यांवर डोकं चांगलंच जड झालं की थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी परत करून बघायचं, जोडीदाराबरोबरच्या ड्रिलपासून पुढं त्रास झाला तर मागं एकट्यानं करायच्या पायरीवर यायचं. आता तूच हिशोब कर. आज लक्षणं चालू आहेत, मधल्या काळात तू रोज तालीम केलीयस, आणि चाचणी आठ दिवसांवर. कागदावर ओढून-ताणून बसवता येईलही, पण अजून लेक्चर झेपत नसलेल्या पोराला मी आठव्या दिवशी मॅटवर सोडणार नाही. बॉक्सिंगमध्ये तर डोक्याच्या मारानं नॉकआउट झालं की किमान ३० दिवस रिंगमध्ये पाय ठेवू देत नाहीत, हा नियम आहे, पोरगा कितीही ठणठणीत दिसत असला तरी. कुस्तीत तसं कोणी मोजून सांगत नाही म्हणून तुला वाटतंय की हे चालतं.

धोका काय ते नीट सांगतो, घाबरवायला नाही. पहिला हादरा भरायच्या आत दुसरा बसला तर क्वचित, पण खरंच, मेंदूला झपाट्यानं सूज येते आणि पोरगं दगावतं, आणि हे बहुतेक तरुण पोरांतच झालेलं आहे. ते दुर्मिळ आहे हे मान्य. पण जे दुर्मिळ नाही ते असं की हादरलेल्या मेंदूची प्रतिक्रिया संथ असते, तू पट काढायला समोरच्याच्या पायांत शिरताना मान क्षणभर उशिरा वळवतोस, पडताना हनुवटी छातीला लावायला उशीर होतो, आणि मग गुडघा जातो, खांदा जातो, नाहीतर डोकं परत आपटतं. आणि दुसऱ्यांदा बसलं की बरं व्हायला आठवडे नाही, महिने लागतात. डोकेदुखीला सध्या गोळी लागलीच तर साधी पॅरासिटामॉल. आणि हे पुढच्यासाठीही लक्षात ठेव, डोक्याला मार लागला की पहिल्या दिवसांत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन असलं काही मनानं घ्यायचं नाही, कारण त्या गोळ्या रक्त गोठण्यात अडथळा आणतात आणि आत कुठं स्राव चालू असेल तर तो वाढतो.

आता हे तालमीत तुला कोणी का सांगितलं नाही? वाईट हेतूनं नाही. मी तालमीच्या सल्ल्याला हसणारा माणूस नाही, त्यातलं बरंच मी स्वतः तालमीतच शिकलोय. पण तो सल्ला कुठून येतो ते बघ. सल्ला देणारा सिनियर म्हणतो, माझं पण डोकं आपटलं होतं, काही झालं नाही. खरंच सांगतो तो. पण ज्याला झालं तो आता तालमीत येतच नाही, तो सल्ला द्यायला तिथं नसतो. कोणी गावाकडं शेती बघतो, कोणी अंबडला कंपनीत लागला, कोणाचा गुडघा कायमचा गेला, कोणाला बीपीची गोळी लागली. ज्यांना तो सल्ला मानवला तेवढेच समोर उरतात, म्हणून तो सल्ला नेहमी बरोबर वाटतो.

म्हणून मी पोरांना एक ढोबळ फरक सांगतो. जे डोळ्यांना दिसतं आणि जे चुकलं तर दोन दिवसांत लगेच कळतं, त्यात तालमीचा सल्ला बहुतेक वेळा चांगला असतो, कारण शंभर जणांनी तो करून बघितलेला असतो आणि चुकीचा होता तो आपोआप गळून पडलेला असतो. बोटांना टेप कशी बांधायची, नखं कापूनच मातीत उतरायचं, कुस्ती झाली की लगेच आंघोळ, मुक्या मारावर आंबेहळदीचा लेप (कातडी फाटलेली नसेल तर), मॅट रोज पुसायची, लाल मातीत हळद, ताक, लिंबू, तेल घालून ती राखायची, पडायचं कसं. यात मी वस्तादांना शहाणपण शिकवायला जात नाही. पण जे आत आहे, दिसत नाही आणि चुकलं तर महिन्यांनी किंवा वर्षांनी कळतं, म्हणजे मेंदू, किडनी, हृदय, सांध्याच्या आतलं, तिथं अनुभवाला चूक कळायचा रस्ताच नसतो. तिथं तालमीतला सल्ला घ्यायचा नाही, सांगणारा कितीही मोठा पैलवान असला तरी. तुझी चारही दुखणी या फरकानं बघ, कुठलं कुठं पडतं ते तुझं तुलाच कळेल.

कान. हा मधला प्रकार आहे, सूज दिसते पण जे बिघडतं ते आत. कानाच्या कुर्चेला, म्हणजे आतल्या लवचिक मऊ हाडाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिच्यावर जो पातळ पापुद्रा चिकटलेला असतो त्यातून तिचं पोषण होतं. कान घासला, दाबला, मुरगळला की पापुद्रा आणि कुर्चा यांच्यामध्ये रक्त साठतं आणि ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा पापुद्रा सुटतो. मग खालची कुर्चा उपाशी मरते आणि शरीर त्या जागी वेडीवाकडी नवी कुर्चा आणि व्रण भरतं, तोच तो पैलवानी कान. सिनियरनं रक्त काढलं यामागची कल्पना बरोबरच आहे, काढायलाच हवं, आणि लवकर, शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांत. पण काढणं हे अर्धंच काम. पापुद्रा परत कुर्चेला चिकटेपर्यंत दोन्ही बाजूंनी दाब धरून ठेवावा लागतो, नाहीतर ती पोकळी तशीच राहते आणि परत भरणारच, तुझी दोनदा भरली ती म्हणूनच. ईएनटीवाले, म्हणजे कान-नाक-घशाचे डॉक्टर, जागा बधिर करून, निर्जंतुक करून सुईनं किंवा छोट्या चिरेनं रक्त काढतात आणि मग कानाच्या पुढं-मागं कापसाचे किंवा डेंटल रोलचे छोटे गुंडाळे ठेवून आरपार टाके घेतात म्हणजे दाब हलत नाही. साधारण आठवडाभर ते तसंच ठेवायचं, मध्ये दाखवायला जायचं, आणि तोवर कुस्ती बंद. तुझा दोनदा भरलेला आहे आणि दिवसही बरेच गेलेत, त्यामुळे आता नुसती सुई पुरेल असं मला वाटत नाही, गुठळी झालेली असणार, कदाचित चीरच द्यावी लागेल, पण ते बघणाऱ्यानं ठरवायचं. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये ईएनटी ओपीडी आहे, आडगावला मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, नाहीतर तुला जवळचा कुठलाही ईएनटी चालेल. उशीर मात्र नको.

आणि कान पूर्वीसारखा सपाट नाही झाला तर? ते तुझ्यावर. तालमीत मोडलेल्या कानाला मान आहे हे मला माहितीये आणि एखाद्या पैलवानानं शांतपणे ठरवलं की मला कानाचा आकार नकोय वाचवायला, तर मी त्याच्याशी भांडत नाही. पण इन्फेक्शन ही निवडीची गोष्ट नाही. कान गरम, लालभडक, हात लावू न देणारा झाला, खालची पाळी तेवढी ठीक आणि वरचा सगळा कान सुजलेला, ताप, पू, यातलं काही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर, कारण कुर्चेत इन्फेक्शन शिरलं तर ती विरघळते आणि तिथले जंतू नेहमीच्या मेडिकलवरून आणलेल्या अँटिबायोटिकला बऱ्याचदा दाद देत नाहीत. सिरिंज नवी होती का, तीच दुसऱ्या कोणाला वापरली का, हे नक्की विचार. लाजू नकोस. हिपॅटायटिस बी रक्तातून फार सहज पसरतो, जपानमध्ये एका शाळेच्या सुमो क्लबमध्ये पोरापोरांत त्याची साथ पसरल्याची नोंद आहे. त्याची लस आहे, तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी, कुस्ती, ज्युडो, बॉक्सिंग खेळणाऱ्या प्रत्येक पोरानं ती घेतलेली असावी असं माझं मत आहे. लहानपणी घेतली असशील तर घरी कार्ड शोध. सिरिंज वापरलेली असण्याची शंका असेल तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी करून घे, ती सिव्हिललाही होते.

हेच नाकालाही लागू आहे, तू विचारलं नाहीस तरी सांगतो कारण ते नेहमी सुटतं. नाकावर मार बसला, रक्त थांबलं, नाक सरळ दिसतंय, सगळे म्हणतात झालं. पण नाकाच्या मधल्या पडद्यावरही असंच रक्त साठू शकतं. दोन्ही नाकपुड्या गच्च बंद वाटत असतील, दुखणं वाढत असेल, टॉर्चनं आत बघितलं तर मऊ लालसर फुगा दिसत असेल, तर ते त्याच दिवशी काढावं लागतं. राहिलं तर पडद्याची कुर्चा मरते आणि नाक मध्ये बसतं.

आता वजन आणि गोळी. गोळीचं नाव तू लिहिलं नाहीस पण तालमीत लघवीची गोळी म्हणजे बहुतेक फ्युरोसेमाइडच असते. ती हृदयाच्या, किडनीच्या पेशंटना अंगात साठलेलं पाणी काढायला देतात, तेही रक्त तपासत तपासत. ती नुसतं पाणी काढत नाही, त्याबरोबर सोडियम, पोटॅशियम जातं, आणि पोटॅशियम खाली गेलं की आधी पायात गोळे येतात आणि जास्त गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. त्यात पोरं आदल्या दिवशी पाणी तोडतात, स्वेटर नाहीतर प्लास्टिक घालून पळतात, आणि दुखतंय म्हणून वर डायक्लोफेनॅक घेतात. पाणी कमी झालेल्या शरीरात किडनी जो रक्तपुरवठा कसाबसा टिकवून धरत असते तो ही वेदनाशामक गोळी तोडते. तिन्ही एकत्र म्हणजे किडनीवर तिहेरी मार. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर ते स्नायू तुटल्याचं लक्षण आहे, तेव्हा घरी लिंबूपाणी पीत बसायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं.

अमेरिकेत १९९७ साली नोव्हेंबर-डिसेंबरच्या काही आठवड्यांत तीन कॉलेज पैलवान वजन तोडताना गेले. रबरी सूट, गरम खोली, पाणी बंद, सायकल. तिघंही तुझ्याच वयाच्या आसपासचे. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट, सौना, लघवीच्या गोळ्या यांच्यावर बंदी आली आणि वजन लढतीच्या जवळ घ्यायला लागले. आणि २०२४ चं पॅरिस तर सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, विनेश फोगाट ५० किलोत १०० ग्रॅमनं बाहेर गेली, रात्रभर सगळे उपाय करूनही, आणि नंतर तिला सलाइन लावावं लागलं. तिच्याबरोबर जगातले चांगल्यातले चांगले लोक होते. तुझ्याबरोबर मेडिकलवरची एक पट्टी आहे.

शिवाय ती गोळी डोपिंगमध्ये बसते. वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या) यादीत लघवीच्या गोळ्या कायम बंदी असलेल्या गटात आहेत, स्पर्धेत असो किंवा नसो, कारण त्या पाणी काढतात आणि दुसरी औषधं लघवीत लपवतातही. नाडानं (भारतातली डोपिंगविरोधी संस्था) नमुना घेतला आणि सापडली तर मित्रानं दिली, मला माहीत नव्हतं, हे चालत नाही, तुझ्या शरीरात जे सापडलं त्याला जबाबदार तू, नियमच तसा आहे.

मग ६३.५ चं काय? ६१ ला उतरायचं तर अडीच किलो, म्हणजे तुझ्या वजनाच्या साधारण ४ टक्के, आठवड्यात. आणि वजन त्याच सकाळी असलं तर भरून काढायला वेळच नाही. माझा अनुभव असा की अशी पोरं पहिली कुस्ती कशीबशी काढतात आणि दुसऱ्या कुस्तीत दुसऱ्या मिनिटाला हात खाली येतात. फ्रीस्टाइलमध्ये ६१ च्या वर ६५ आहे. तू ६३.५ ला पोटभर जेवून, पाणी पिऊन ६५ खेळू शकतोस. वस्ताद म्हणतील ६५ ची पोरं मोठी असतात, असतीलही, वाढत्या वयाच्या पोरानं थोडा मार खाऊन वरच्या वजनात ताकद कमवावी असं मला वाटतं, यावर मतभेद असू शकतो. ज्याला खरंच ६१ खेळायचंय त्यानं ते दोन-तीन महिने आधी ठरवावं, आठवड्याला अर्धा किलोच्या वेगानं, भाकरी-भात मोजून आणि दूध-अंडी-डाळ न तोडता. यावेळी मात्र डोक्यामुळे तू चाचणीला उतरूच नयेस असं माझं म्हणणं आहे, त्यामुळे या महिन्यात वजन तोडायचा प्रश्नच येत नाही. जेव, पाणी पी.

इंजेक्शनबद्दल तू नाव दिलं नाहीस आणि मला तीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकली, कारण तुलाही नाव माहीत नाही. नाव माहीत नसलेलं काहीही टोचून घ्यायचं नाही, कागदाच्या पुडीत दिलेल्या बारीक पांढऱ्या गोळ्याही नाहीत. अंग मोकळं करणारं म्हणून जे देतात ते एक तर स्टेरॉइड असतं, डेक्सामेथासोनसारखं, दुखणं दोन दिवस गायब करतं आणि दुखापत तशीच राहते, त्यावर तू पूर्ण जोर लावतोस आणि आतलं जे अर्धवट फाटलेलं होतं ते पूर्ण फाटतं. २०२२ पासून कुठल्याही मार्गानं घेतलेलं असं स्टेरॉइडचं इंजेक्शन स्पर्धेच्या काळात बंद आहे, सांध्यात घेतलेलंसुद्धा. नाहीतर ट्रामाडॉल असतं, ते २०२४ पासून स्पर्धेत बंद. नाहीतर, आणि याची मला महाराष्ट्रातल्या तालमी-जिमबद्दल सध्या सगळ्यात जास्त भीती वाटते, मेफेन्टरमिन. हे ऑपरेशनच्या टेबलावर बीपी कोसळलं तर वर आणायला वापरायचं औषध आहे. पोरांना ते घेऊन दम लागत नाही असं वाटतं, कारण ते हृदयाला चाबूक मारून पळवतं. त्याची सवय लागते, बीपी चढतं, ठोके बिघडतात, आणि अंगातलं पाणी तोडलेल्या, पोटॅशियम घसरलेल्या पोराला ते दिलं तर काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको. हे तुला कोणी देत असेल तर तू त्याला ठाम नाही म्हण, तो कितीही जवळचा असो.

मालिशबद्दल एक ओळ, कारण ज्युडोत कोपर आणि मांडी फार जाते. ताज्या मारावर, विशेषतः कोपराच्या आणि मांडीच्या, जोरात चोळून घ्यायचं नाही. आत साठलेल्या रक्तात हाड तयार व्हायला लागतं आणि कोपर कायमचं आखडतं, आपल्याकडे हाडवैद्याकडून चोळून आलेली अशी कोपरं मी पाहिली आहेत. थकलेल्या अंगाला मालिश उत्तम, ताज्या दुखापतीला नाही.

आता कुस्ती सोड म्हणणारे डॉक्टर. तुझा राग मी समजू शकतो. खरं तर पोरं सिरिंजकडं आणि पुडीकडं वळतात त्यातलं निम्मं कारण हेच आहे, की दवाखान्यात गेलं तर एकच उत्तर मिळतं, मग जायचंच कशाला. आमच्या बाजूनंही हे बदलायला हवं आणि मी माझ्या ओळखीच्या डॉक्टरांशी यावर भांडतो. पण तू जाताना प्रश्न बदलून बघ. कान दाखवून नुसतं काय करू विचारलंस तर सोड म्हणणं सोपं असतं. असं विचार: मी कुस्ती करणारच आहे, हे बरं व्हायला किती दिवस मॅट बंद ठेवू, त्या दिवसांत काय केलेलं चालेल, कुठलं लक्षण दिसलं तर परत येऊ. आणि मी खेळाडू आहे, माझी डोप टेस्ट होऊ शकते, हे पहिल्याच वाक्यात सांग, चिठ्ठीवर प्रत्येक औषधाचं घटकनाव लिहून घे आणि ती चिठ्ठी जपून ठेव. दहापैकी सातजण नीट उत्तर देतील असा माझा अंदाज आहे. उरलेल्यांकडून उठून दुसरीकडं जा.

तर क्रम असा ठेव. आजपासून पकड, लढत, आपटाआपटी बंद. उद्याच डोक्यासाठी डॉक्टर, तारीख, कसं आपटलं, किती वेळ गोंधळ होता, आता काय होतं, हे कागदावर लिहून ने. त्याच दिवशी किंवा परवा ईएनटी. गोळी आणि इंजेक्शन नाही. ६१ चा विचार पुढच्या सीझनला.

आणि वस्तादांना सांग. हे तुला सगळ्यात अवघड जाईल, म्हणूनच शेवटी लिहितोय. चाचणी सोडली म्हणून १९ वर्षांच्या पोराला वाटतं की सगळं संपलं आणि वस्ताद काय म्हणतील याची भीती वेगळीच. पण वस्ताद तुला रोज पहाटे बघतात. तू कसा पळतोस, कसा बोलतोस, कुठल्या डावाला किती चपळ असतोस, हे त्यांना जेवढं माहितीये तेवढं मला दहा मिनिटांच्या तपासणीत कधीच कळणार नाही. आम्ही मॅटशेजारी बसलेलो असतो तेव्हाही पोरगं हादरलंय हे आधी त्याच्या कोचला कळतं, तो सांगतो हा नेहमीसारखा नाहीये, मग आम्ही तपासतो. म्हणून त्यांना परवानगी मागू नकोस, त्यांची नजर माग. म्हण की डॉक्टरनं पायऱ्या दिल्यात, आज मी हलकं धावणार आहे, तुम्ही बघा मी नेहमीसारखा वाटतो का, नसेन तर थांबवा. ज्या वस्तादांनी पोरं घडवलीत ते यावर नाही म्हणत नाहीत, फार तर दोन शब्द सुनावतील, ऐकून घे. आणि घरी आईवडिलांना डोक्याचं आजच रात्री फोन करून सांग, कानाचं त्यांना फोटोत दिसलेलं असेलच.

डॉक्टर काय म्हणाले ते इथंच खाली लिही, औषधांची नावं असतील तर तीही लिही, बंदीच्या यादीत बसतात का ते बघून सांगतो.